वजनकाटा राहू द्या, चंक्रमण सुरू करा

आपल्या वस्त्यांमध्ये व्यायामाचा विषय निघतो तो बहुधा कुणीतरी दवाखान्यातून परत आल्यावर. डॉक्टरांनी सांगितलेले असते, "वजन कमी करा, रोज चालत जा." दुसऱ्या दिवशी पोटमाळ्यावरचे कॅनव्हासचे बूट खाली येतात. आठवडाभर उत्साह टिकतो. पंधराव्या दिवशी मेडिकलच्या दुकानातील काट्यावर उभे राहावे, तर काटा जागचा हललेला नसतो. कधी कधी तर अर्धा किलो वरच चढलेला असतो. मग बूट पुन्हा पोटमाळ्यावर.

आमच्या विहारातील उपासक-उपासिकांमध्ये हा प्रकार आम्ही इतक्या वेळा पाहिला आहे की त्याचे आता नवल वाटत नाही. ही माणसे आळशी नाहीत. पहाटे चारला उठून पाणी भरणारी, डबे करणारी आणि सातची लोकल पकडणारी बाई आळशी म्हणायची तर कष्टाळू कुणाला म्हणायचे? आमच्या मते दोष माणसांचा नाही, त्यांना दिलेल्या कारणाचा आहे. वजन हे व्यायामाचे फार कच्चे कारण आहे. ते लवकर हातात येत नाही, आणि आले नाही म्हणजे सारेच फुकट गेले असे वाटते.

आता 'व्यायाम' हा शब्द आपल्याला नवा नाही. अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम आहेच. बालसंस्कार वर्गात त्याचा अर्थ विचारला की एखादा पोरगा हमखास ओरडतो, "जोर-बैठका!" सगळे हसतात. खरे तर तेथे व्यायाम म्हणजे प्रयत्न, मनाचा प्रयत्न. न उपजलेले अकुशल उपजू न देणे, उपजलेले टाकणे, न उपजलेले कुशल उपजवणे आणि उपजलेले टिकवून वाढवणे, असे त्याचे चार भाग सांगितलेले आहेत. पण त्या पोराचे उत्तर अगदीच चुकीचे नाही, असे आम्हाला अलीकडे वाटू लागले आहे. चालण्याची सवय लावायची म्हटली तर हेच चार प्रयत्न करावे लागतात, आणि त्यातला सर्वांत अवघड चौथा.

तिपिटकात वजन उतरवण्याचीही एक गोष्ट आहे. कोसलचा राजा पसेनदी फार जेवत असे. एकदा तो भरपेट जेवून धापा टाकीत भगवंतांपाशी आला. भगवंतांनी त्याला आहारात प्रमाण ठेवण्याचा उपदेश केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला तो उपदेश पाठ करायला लावला आणि रोज जेवताना आपल्यासमोर म्हणायला सांगितले. हळूहळू राजाचा भात कमी झाला आणि अंग हलके झाले. या गोष्टीत राजाला कुणीही धावायला लावलेले नाही. वजन उतरले ते ताटातून.

चालण्याविषयी भगवंतांनी जे सांगितले ते वेगळ्या ठिकाणी, अंगुत्तर निकायात आहे. तेथे चंक्रमणाचे, म्हणजे ये-जा करीत चालण्याचे पाच लाभ मोजले आहेत. लांबचा प्रवास झेपतो. साधनेचे कष्ट सोसण्याची ताकद येते. आजार कमी होतात. खाल्लेले नीट पचते. आणि चालताना साधलेली एकाग्रता पुष्कळ वेळ टिकते. वाचकांनी हे पाच लाभ पुन्हा एकदा मोजून पाहावेत. त्यात वजनाचे नावही नाही! बुद्धगयेला जे जाऊन आले आहेत त्यांनी महाबोधी विहाराच्या उत्तर बाजूला कमळे कोरलेला लांबट चौथरा पाहिला असेल. संबोधीनंतर भगवंत तेथे चंक्रमण करीत होते अशी परंपरा आहे. पुढची पंचेचाळीस वर्षे त्यांची चारिका पायीच झाली. त्याआधी उपास करून शरीर झिजवण्याचा मार्ग त्यांनी स्वतः अनुभवून सोडून दिला होता, हे आपण जाणतोच.

कुणी म्हणेल, हे झाले ग्रंथातले. आजचे विज्ञान काय म्हणते? तेही तेच म्हणते, आणि त्याचा पहिला मोठा पुरावा आपल्या ओळखीच्या जागेतून आला, बसमधून.

लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. गरीब ज्यू कुटुंबातले. १९५३ साली त्यांनी लंडनच्या वाहतूक कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डबलडेकर बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत. दोघे एकाच बसवर, एकाच नोकरीत, साधारण एकाच आर्थिक थरातले. तरी कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. ज्यांना झाला त्यांना उशिरा झाला, आणि त्यात दगावणारेही कमी. लोकांनी शंका काढली की कंडक्टर मुळात सडपातळ असतील. तेव्हा मॉरिस यांनी कंपनीच्या गणवेशाच्या नोंदी काढल्या आणि विजारीच्या कमरेची मापे ताडून पाहिली. १९५६ साली त्यांनी दाखवून दिले की कंडक्टर बारीक असो, मध्यम असो वा ढेरपोट्या, त्याच मापाच्या ड्रायव्हरपेक्षा त्याचे हृदय सुरक्षित होते. कंबर कमी झाली नाही तरी जिन्याने आपले काम केले होते. आपल्या मुंबईत डबलडेकर १९३७ पासून धावली आणि जुन्या लाल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. आपल्या किती घरांतून त्या बसवर कंडक्टर झाले असतील! त्यांचे पाय दुखत, पण त्या जिन्याने काय दिले हे त्यांना कुणी सांगितले नसेल.

दुसरे उदाहरण पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच शेजारी शेजारी उभा फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण शरीरातील चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! युडकिन मॅरेथॉन धावणारे. आपला व्यायाम म्हणजे इस्पितळाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी गाठणे, असे याज्ञिक यांच्याबद्दल त्यात गमतीने लिहिले होते. यामागे जन्माआधीचे कुपोषण आणि अनुवंश अशी इतरही कारणे असू शकतात. पण आपल्यासाठी अर्थ सरळ आहे. "मी तर काडी आहे, मला कशाला व्यायाम?" असे म्हणणाऱ्या आपल्या हडकुळ्या भावाला काटा फसवतो आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. ते सगळेच लठ्ठ आहेत असे समजू नये.

तिसरा दाखला चेन्नईचा, आणि तो आम्हाला सर्वांत दिलासा देणारा वाटतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांचे गट करून डॉक्टरांनी तीन वर्षे पाहिले. एका गटाला फक्त आहारात बदल आणि रोज अर्धा तास चालणे सांगितले. ज्यांना काहीच सांगितले नव्हते त्यांच्या तुलनेत या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. हे २००६ साली प्रसिद्ध झाले. आणि त्या लोकांचे वजन? ते फारसे उतरलेच नव्हते. म्हणजे पंधराव्या दिवशी बूट पोटमाळ्यावर टाकणारे आपले लोक नेमके फायदा सुरू झाल्यावर थांबत होते. चालताना मांडीचे-पोटरीचे स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात आणि वापरतात. इन्सुलिनचा जोर कमी पडला असला तरी ते हे करतात. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालले तरी वाढणारी साखर कमी चढते. काट्याला हे दिसत नाही.

येथे एक आक्षेप येणार, आणि तो योग्य आहे. "आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला वेगळा व्यायाम कशाला?" बिगारी काम करणारा, हमाल, चार घरची धुणीभांडी करणारी ताई यांना कुणी बागेत चालण्याचा उपदेश करू लागला तर राग येणारच. पण काबाडकष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. ओझे वाहताना, वाकून लादी पुसताना एकच सांधा, एकच कंबर झिजते. वेग मालकाचा, विसावा मालकाच्या मर्जीचा. आपल्या पूर्वजांनी येसकर म्हणून गावोगाव सांगावे पोचवले, मैलोगणती चालले. त्यात एक पाऊल स्वतःसाठी नव्हते. गावची तालीमही बहुतेक ठिकाणी आपल्यासाठी नव्हती. म्हणूनच १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या काळात समता सैनिक दल उभे राहून आपली मुले कवायत करू लागली, तेव्हा ते नुसते हातपाय हलवणे नव्हते. आपले शरीर प्रथमच आपल्या कामासाठी ताठ उभे राहत होते. स्वतःसाठी काढलेल्या अर्ध्या तासाकडे आम्ही त्याच दृष्टीने पाहतो.

हा अर्धा तास सर्वांत महाग पडतो तो आपल्या भगिनींना. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार भारतातील सुमारे ५७ टक्के स्त्रियांच्या आणि ४२ टक्के पुरुषांच्या शरीराला पुरेशी हालचाल मिळत नाही. घरचा पुरुष सकाळी फिरायला निघाला तर तो तब्येतीची काळजी घेतो, आणि बाई निघाली तर "हिला बरा वेळ मिळतो!" हे सासूबाई म्हणतात असे नव्हे, कधी कधी आपणच म्हणतो. समतेच्या गोष्टी व्यासपीठावरून करणाऱ्या कार्यकर्त्यांनी सकाळचा चहा स्वतः टाकला तर घरात एक जोडी बूट जास्त लागेल.

मग वजन नाही तर कारण कोणते धरावे? ज्याचे त्याने आपले शोधावे, पण ते जवळचे असावे. रात्री झोप नीट लागते, हे बहुतेकांना थोड्याच दिवसांत कळते. वरळीच्या बीडीडी चाळीतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाळीस मजली इमारतींतील घरांच्या चाव्या मिळाल्या. आनंदाचीच गोष्ट. पण चाळीचा जिना गेला आणि लिफ्ट आली, तेव्हा पायांचे काय, हा प्रश्नही वर राहायला गेला. लिफ्ट बंद पडेल त्या दिवशी चार मजले तरी चढता यावेत, हेही एक कारण. ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत तासन्‌तास उभे राहता यावे, हेही.

बाबासाहेबांचे शेवटचे दिवस आठवले की आमचे मन गलबलते. मधुमेह, रक्तदाब, पायांचे दुखणे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला ते काठीच्या आणि माणसांच्या आधाराने उभे होते. दोन महिनेही झाले नाहीत तोच ते गेले, वय अवघे ६५. त्यांच्यावर कामाचा डोंगर होता आणि तो त्यांनी आपल्यासाठी उपसला. आपल्या डोक्यावर तेवढा डोंगर नाही. तरी आपले कार्यकर्ते पन्नाशीतच गळतात, आणि शोकसभेत आपण "अकाली" हा शब्द वापरून घरी जातो.

तरुणांविषयी दोन शब्द. जयंतीच्या मिरवणुकीपुरती छाती फुगवायची म्हणून जिममध्ये जाणे आणि कुणीतरी दिलेल्या पावडरी, इंजेक्शने घेणे हा वजनकाट्याचाच दुसरा अवतार आहे. त्यात काट्याच्या जागी आरसा असतो इतकेच.

किती करावे? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे, म्हणजे बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा वेगाने. आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताकदीचे काम. त्यासाठी पैसे लागत नाहीत. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा, भिंतीला हात लावून जोर काढा. अर्धा तास एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटे करा. पण चालताना छातीत दाब, घाम किंवा चक्कर आली तर तेथेच थांबून डॉक्टर गाठावा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी, अनवाणी चालू नये आणि रात्री तळपाय पाहून झोपावे. बधिर पायाला जखम कळत नाही.

आमच्या विहारात महिला मंडळाच्या काही भगिनी संध्याकाळच्या वंदनेनंतर आवारात फेऱ्या मारतात. साडीवर, पायांत साध्या चपला. सुरुवातीला कुणीतरी वजनकाटा आणला होता, तो आता पुस्तकांच्या कपाटात आहे. त्याऐवजी दाराजवळ दिनदर्शिका टांगली आहे. जी चालते ती तारखेखाली रेघ ओढते. त्यातल्या एका ताईला आम्ही विचारले, रोज का येता? त्या म्हणाल्या, "दादा, दिवसभरात ही एकच वेळ अशी आहे, जेव्हा मला कुणी हाक मारत नाही." परवा त्यांनी मंडळाच्या बैठकीत मागणी केली की फेऱ्यांच्या वेळी लहान मुले सांभाळायला पुरुषांनी पाळीपाळीने यावे. बुधवारसाठी तिघांनी नावे दिली आहेत, गुरुवार अजून मोकळा आहे.