गुडघ्याचं दुखणं मोजताना

बोनकोड्यातल्या फिजिओथेरपीच्या छोट्या खोलीत आईच्या हातात एक कागद आला. त्यावर दहा सेंटीमीटरची आडवी रेघ होती. डाव्या टोकाला ‘अजिबात दुखत नाही’, उजव्या टोकाला ‘सहन होत नाही’.

“काकू, गेल्या दोन दिवसांत जेवढं दुखलं, तिथं खूण करा,” तिथली फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली.

आईची पेन्सिल रेघेवर घुटमळली. “अगं, बसल्यावर काहीच नाही. जिना चढताना कळ येते. मग खूण कुठं करू?”

तिची अडचण खरी होती. म्हणूनच १९८०च्या दशकात कॅनडात तयार झालेली ‘वोमॅक’ प्रश्नावली दुखणं वेगवेगळं विचारते. सपाट जागी चालताना, जिन्यावर, रात्री अंथरुणात, बसल्या-पडल्या आणि उभं असताना, असे वेदनेचे पाच प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. शिवाय सांधे आखडण्याचे दोन आणि रोजच्या हालचालींचे सतरा. ती भरल्यावर आईला वेदनेचे वीसपैकी सात गुण मिळाले, त्यातले तीन एकट्या जिन्याचे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, इमारतीला लिफ्ट नाही.

मूळ प्रश्नावलीत बाथटबमध्ये उतरण्याचाही प्रश्न आहे. आपलं जगणं जमिनीवरचं. पुण्यात डॉ. अरविंद चोप्रा यांच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसनं म्हणून तिला भारतीय रूप दिलं. मांडी घालणं, उकिडवं बसणं त्यात आलं.

“मांडी घातल्यावर दुखतं?”

“नाही.”

ती मुलगी शून्य लिहिणार होती. हात थांबवून तिनं विचारलं, “शेवटची मांडी कधी घातली होती?”

आई जरा वेळ गप्प राहिली. “परवाच्या वर्षी, गौरींच्या जेवणाला.”

देवपूजा स्टुलावर बसून होते, भाजी ओट्याशी उभ्यानं निवडली जाते, हे मी रोज पाहत होतो. ते दुखण्यामुळे आहे, हे मला त्या खोलीत कळलं.

मग हात छातीशी धरून तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते मोजलं. आठ वेळा. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सुरू झाले. सहा आठवड्यांनी तीच खुर्ची, तेच प्रश्न: अकरा वेळा, आणि जिन्याचे गुण तीनावरून दोनावर. एक्स-रे तोच होता. सांध्याची झीज आणि दुखणं नेहमी एका मापानं चालत नाहीत.

तुमच्या घरात कुणाचे गुडघे दुखत असतील, तर ‘किती दुखतं?’ एवढ्यावर थांबू नका. ‘काय करायचं सोडलंस?’ हेही विचारा, लिहून घ्या आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा.