दोनशे पोकळ खोडे

मेळघाटातील कोरकूंचे सागवानी ‘मुंडा’ मी गेली काही वर्षे पाहत, टिपत आलो आहे. मृताच्या स्मरणार्थ कोरलेल्या या लाकडांवर सूर्य, चंद्र, घोडेस्वार दिसतात. आदिवासींकडे स्मरणाची अशी स्वतःची रूपे असताना त्यांचे सार्वजनिक स्मारक म्हणजे सिमेंटचा चौथरा आणि वर पुतळा, एवढेच आपल्याला का सुचते? याचा माग काढताना मी ऑस्ट्रेलियातील ‘ॲबोरिजिनल मेमोरियल’पाशी पोचलो.

२६ जानेवारी १७८८ रोजी सिडनीत इंग्रजांची वसाहत सुरू झाली. १९८८ मध्ये तिची द्विशताब्दी साजरी होत असताना, उत्तरेकडील आर्नहेम लँडमधल्या रामिंगिनिंग येथे कला-सल्लागार असलेल्या, स्वतः आदिवासी असलेल्या जॉन मंडाइन यांनी वेगळी कल्पना मांडली : वसाहतीच्या दर वर्षामागे एक, अशी २०० खोडे. ती ४३ कलावंतांनी रंगवली.

ही खोडे निलगिरीच्या जातीची, वाळवीने आतून पोखरलेली. तिथल्या प्रथेत मृताची हाडे गेरू लावून अशा खोडात ठेवत आणि ते उघड्यावर उभे करून ऊनपावसाच्या स्वाधीन करत. स्मारकातील खोडांत हाडे नाहीत. आपली भूमी राखताना जे मेले, ज्यांना अंत्यविधीही लाभला नाही, त्यांचे ते उत्तरकार्य आहे.

मांडणीही अर्थपूर्ण आहे. खोडांमधून जाणारी वाट म्हणजे ग्लाइड नदी. तिच्या दोन्ही काठांवर ज्या कुळाची जमीन जिथे, तिथे त्या कुळाच्या कलावंतांची खोडे. प्रेक्षक त्यांच्या भूमीतून चालतो. वर मान करून पाहावा असा नायक तिथे नाही.

एक पेच मात्र उरतो. जे झिजून मातीत जायचे, ते आता कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात जपून ठेवले आहे. प्रथेच्या दृष्टीने ही विसंगतीच. तरी मला ती पटते. घरच्या माणसाचा शोक निवू द्यावा. पण ज्या मृत्यूंची राष्ट्राने दखलच घेतली नव्हती, त्यांची खूण इतक्या लवकर मिटू देऊन कसे चालेल?

आपल्याकडे स्मारक समितीत पहिला प्रश्न असतो, पुतळा किती फुटी? त्याआधी एक विचारायला हवा : हे लोक आपल्या मृतांना कसे आठवतात? आणि त्याचे उत्तर त्यांनाच देऊ द्यावे.