पक्षाघात आणि स्वायत्त चेतासंस्था
हृदयाची गती, रक्तदाब, घाम, मूत्राशय यांचे आपल्या इच्छेवाचून नियमन करणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याला स्वायत्त चेतासंस्था म्हणतात. तिची सूत्रे मेंदूतील इन्सुला, हायपोथॅलॅमस व मस्तिष्कस्तंभ या भागांकडे असल्याने पक्षाघाताचा घाव तेथे पडल्यास हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, तर कधी लुळ्या बाजूलाच अधिक घाम येतो. घरच्यांचे लक्ष साहजिकच लुळ्या हातापायांकडे असते. परंतु उभे राहताच रुग्णाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तो निव्वळ अशक्तपणा समजू नये, कारण उभे राहिल्यापासून ३ मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरत असेल, तर पडून खुब्याचे हाड मोडण्याचा धोका खरोखरच मोठा असतो. रुग्णाला आधी खाटेच्या कडेला पाय सोडून बसवावे, मगच उभे करावे. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.