सही जुळत नाही

मराठीच्या मास्तराने मेंदूच्या भानगडीत कशाला पडावे, असे वाचक म्हणतील. मी आपण होऊन पडलो नाही; एका चेकने मला तिकडे नेले.

दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, चेक बँकेतून परत आला. शेरा होता, 'सही जुळत नाही.' ज्यांनी उभा जन्म शाळेच्या फळ्यावर टपोरी अक्षरे काढली, त्यांची सही शेवटाला येईतो मुंगीएवढी झाली होती. मी वैतागलो. "दादा, जरा लक्ष देऊन करा की!" ते बोलले नाहीत. चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. वर्षभर हे असेच चालले होते. नातवंडांच्या गमतींनाही ते हसत नसत. दादा म्हातारपणी तुसडे झाले, असे आम्ही घरात ठरवूनच टाकले होते.

डॉक्टरांनी त्यांना चालवून पाहिले, बोटांची उघडमीट करायला लावली आणि म्हणाले, "हा कंपवात."

"पण यांचा हात तर कापत नाही!"

"सगळ्यांचाच कापतो असे नाही. अक्षर बारीक होणे, चेहरा निर्विकार होणे, हीही त्याचीच लक्षणे."

मग मी वाचायला बसलो. या रोगाचे वर्णन लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली केले. पण त्याचे मर्म कळायला जवळजवळ दीडशे वर्षे जावी लागली. गंमत म्हणजे त्या शोधाची वाट आपल्या सर्पगंधेवरून गेली! या मुळीचा रक्तदाबावरील गुण मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला. पुढे तिच्यातून निघालेले रेसर्पिन हे द्रव्य स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना दिले, तेव्हा ससे निपचित पडले. मग त्यांना 'एल-डोपा' टोचले, आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. हे १९५७ साली घडले.

मेंदूच्या बुडाशी काळसर पेशींचे दोन पुंजके असतात. त्या डोपामिन नावाचे रसायन तयार करतात, आणि त्याच्या जोरावर आपली हालचाल सहज होते. कंपवातात या पेशी मरू लागतात. १९६० साली व्हिएन्नात होर्निकिएविच यांना अशा रोग्यांच्या मेंदूत डोपामिनचा खडखडाट आढळला. बाहेरून दिलेले डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. एल-डोपा शिरते आणि आत गेल्यावर त्याचेच डोपामिन होते. १९६१ साली ते टोचल्यावर अंथरुणाला खिळलेले रोगी उठून चालू लागले. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आज दादांच्या गोळीत मुख्यतः तेच औषध आहे. ती गोळी मेलेल्या पेशी जिवंत करीत नाही. रोग आपल्या चालीने पुढे जातोच. पण गोळीची वेळ सांभाळली की दादा स्वतः सदऱ्याच्या गुंड्या लावतात, कोपऱ्यावरून वर्तमानपत्र आणतात. म्हणून आमच्या घरात आता घड्याळाचा मान मोठा.

परवा धाकटीने काहीतरी आगाऊपणा केला आणि दादांच्या ओठांचा कोपरा हलला. मी म्हटले, "दादा, हसलात!"

"अरे, मी तेव्हाही हसतच होतो," ते सावकाश म्हणाले, "तुम्हांला दिसत नव्हते, एवढेच."

बँकेत सहीचा नवा नमुना देऊन आलो. तो शेरा तिथे पुसला गेला. आम्ही घरात मारलेला शेरा मात्र माझा मलाच खोडायचा होता.