परळचा लाटवाडा: देवळातले नाचघर

इंग्लंडमधील सरदारघराणी शहरापासून दूर, झाडीच्या मधोमध जी प्रशस्त घरे बांधीत, त्यांची मुंबईतील एक जुनी नक्कल म्हणजे परळचे 'गव्हर्नमेंट हाउस', आजची हाफकिन संस्था. मात्र ही नक्कल नव्या पायावर उभी न राहता पोर्तुगीज काळातील ख्रिस्ती मठाच्या भिंतींवर चढवली गेली, आणि इमारतीची खरी गंमत तिथेच आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी हा मठ जेझुइट पाद्र्यांकडून काढून घेतला, 1771 मध्ये गव्हर्नर झालेला विल्यम हॉर्नबी तेथे राहू लागला आणि पुढे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने (गव्हर्नर 1819–1827) दोन्ही बाजूंना पाखे, म्हणजे मुख्य इमारतीला जोडून पुढे काढलेले भाग, बांधले. मठाच्या प्रार्थनागृहाची लांब, अरुंद, उंच जागा मोडण्याऐवजी तिचे एकावर एक असे दोन दिवाणखाने झाले: खाली मेजवानीचा, वर नाचाचा. जिथे प्रार्थना म्हटल्या जात तिथे काट्या-चमच्यांचा खणखणाट सुरू झाला, याची चुटपुट काही इंग्रज पाहुण्यांनाही लागली होती.

भोवती बाग, तळे आणि मोकळी हवा ही अशा घराची अर्धी शोभा. परंतु गिरण्यांची धुराडी जवळ आली, 1882 मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी येथेच पटकीने दगावल्या आणि लवकरच लाटसाहेबांचा मुक्काम मलबार हिलच्या टोकाला हलला. प्लेगच्या साथीत या दालनांत रुग्णालय थाटले गेले, आणि 1899 मध्ये वाल्डेमार हाफकिन यांची लसनिर्मितीची प्रयोगशाळा येथे आली.