रिमॅप, ट्यूनिंग बॉक्स की स्टँडअलोन ईसीयू? गाडी ट्यून करण्याआधी हे समजून घ्या

इन्स्टावर एक रील सारखी समोर येते. डायनोवर चढवलेली फोक्सवॅगन पोलो, मागे धडाकेबाज म्युझिक, स्क्रीनवर वर वर चढणारा हॉर्सपॉवरचा आकडा आणि कॅप्शन, "स्टेज वन, फक्त दोन तासांत." खाली पहिलीच कमेंट असते, "भावा, माझ्या स्विफ्टला किती खर्च येईल?"

खर्च काय, कुणीही सांगेल. त्याआधी विचारायचे प्रश्न दोन आहेत. तुमच्या गाडीत आत्तापर्यंत काय काय बदललंय? आणि ताकद वाढवल्यावर तिचा कुठला पार्ट सगळ्यात आधी हात टेकेल? ही उत्तरं मिळाली की कुठला पर्याय निवडायचा ते बऱ्यापैकी ठरून जातं. कधीकधी तर काहीच न करणं बरोबर ठरतं.

ते कसं, तेच सविस्तर बघू.

आधी ही ईसीयू करते काय?

ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. इंजिनात किती हवा येतेय, क्रँकशाफ्ट कुठल्या कोनात आहे, इंजिन गार आहे की गरम, एक्झॉस्टमध्ये किती ऑक्सिजन उरलाय, ही सगळी माहिती सेन्सर तिला पुरवतात. त्यावरून ती तीन गोष्टी ठरवते. पेट्रोल किती सोडायचं, स्पार्क कधी द्यायचा आणि टर्बो असेल तर बूस्ट किती ठेवायचा.

हे ठरवण्यासाठी तिच्याकडे आकड्यांचे तक्ते असतात. त्यांनाच मॅप म्हणतात. उदाहरणार्थ, शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १ ग्रॅम पेट्रोलमागे १४.७ ग्रॅम हवा लागते. पण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिन गार राहावं आणि ताकद मिळावी म्हणून ईसीयू पेट्रोल वाढवते.

आता तुम्ही म्हणाल, कंपनीनेच जास्त ताकद का नाही दिली?

कारण कंपनीला एकच गाडी लडाखच्या थंडीत आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात चालवायची असते. कुणी हलकं पेट्रोल भरणार, कुणी सर्व्हिसिंग चुकवणार, हे धरूनच ती मॅप बनवते. शिवाय प्रदूषणाचे नियम आणि वॉरंटी आहेच. त्यामुळे थोडी जागा राखून ठेवलेली असते. ट्यूनर जी ताकद देतो, ती बहुतेक वेळा याच राखीव जागेतून येते.

पर्याय पहिला : ट्यूनिंग बॉक्स, म्हणजेच पिगीबॅक

हा छोटा डबा सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये लागतो. मूळ प्रोग्रॅमला तो हात लावत नाही, तो ईसीयूला चकवतो. समजा बूस्ट १ बार आहे. बॉक्स ईसीयूला सांगतो की ०.९ बारच आहे. ईसीयूला वाटतं बूस्ट कमी पडतोय, म्हणून ती तो वाढवते.

फायदा असा की बसवायला सोपा, काढायलाही सोपा आणि गाडी विकताना काढून ठेवता येतो. आपल्याकडे बाइकवाल्यांमध्ये लोकप्रिय असलेला पॉवरट्रॉनिक हा बेंगळुरूत तयार होणारा पिगीबॅकच आहे.

तोटा असा की ईसीयूला खोटी माहिती मिळत असते. साधे बॉक्स एक-दोनच सिग्नल बदलतात, त्यामुळे पेट्रोल, स्पार्क आणि बूस्ट यांचा मेळ नीट बसेलच असं नाही. शिवाय ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडून शिकत असते. बॉक्सने पेट्रोल बदललं, तर नेहमीच्या ड्रायव्हिंगमध्ये ती ते हळूहळू परत मूळ जागेवर आणू शकते.

पर्याय दुसरा : रिमॅप, म्हणजेच फ्लॅश

यात ईसीयूमधली मूळ फाइल वाचतात, तिच्यातले तक्ते बदलतात आणि फाइल परत भरतात. बऱ्याच गाड्यांत हे स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमधून होतं, काही गाड्यांत ईसीयू काढून टेबलावर घ्यावी लागते.

सेन्सरची माहिती खरीच राहते आणि ईसीयूच्या बऱ्याचशा सुरक्षा व्यवस्थाही शाबूत राहतात. अर्थात, ट्यूनरने त्या बंद केल्या नसतील तर. म्हणूनच रोज चालवायच्या टर्बो गाडीसाठी चांगला रिमॅप हा बॉक्सपेक्षा सरस मानतात.

पण "चांगला" हा शब्द महत्त्वाचा आहे. एक तयार फाइल सगळ्यांच्या गाडीत ओतणं वेगळं आणि तुमची गाडी चालवून, डेटा लॉग घेऊन फाइल जुळवणं वेगळं.

वॉरंटीचंही लक्षात ठेवा. मूळ फाइल परत भरली की कुणाला कळत नाही, हा गैरसमज आहे. अनेक ईसीयूंमध्ये किती वेळा फ्लॅश झालं याची नोंद राहते. फोक्सवॅगन ग्रुपच्या सिस्टीममध्ये ट्यून केलेल्या गाडीवर "टीडी वन" असा शिक्का बसतो आणि पुढे इंजिन-गिअरबॉक्सचा क्लेम अडकू शकतो.

पर्याय तिसरा : स्टँडअलोन

यात मूळ ईसीयूचं काम काढून घेऊन दुसरा कॉम्प्युटर बसवतात. ऑस्ट्रेलियाच्या हॅलटेक आणि मोटेक, न्यूझीलंडची लिंक ही यातली मोठी नावं.

मोठा टर्बो लावलाय, मोठे इंजेक्टर आहेत, एनए इंजिनाला टर्बो जोडलाय किंवा इंजिनच दुसरं बसवलंय, तर मूळ ईसीयूचे तक्ते पुरेनासे होतात. तिथे स्टँडअलोन लागतो.

पण आजच्या गाडीत ईसीयू एकटी नसते. एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मीटर, एसी हे सगळे तिच्याशी सतत बोलत असतात. नवा कॉम्प्युटर ती भाषा बोलत नसेल तर यातलं काहीतरी बंद पडतं. गार इंजिन सकाळी पटकन सुरू होणं, सिग्नलला आरपीएम स्थिर राहणं हेही सगळं नव्याने बसवावं लागतं. थोडक्यात, ही ट्रॅकच्या गाडीची गोष्ट आहे, ऑफिसला नेण्याच्या नाही.

मग कच्चा पार्ट कसा ओळखायचा?

पुण्याजवळ चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयचंच उदाहरण घेऊ. २०१३ ला आलेल्या या गाडीत १.२ लिटरचं टर्बो इंजिन होतं. ताकद १०५ पीएस, टॉर्क १७५ एनएम. गिअरबॉक्स ७ स्पीडचा ड्राय क्लच डीएसजी. या गिअरबॉक्सची रेटिंग आहे २५० एनएम.

समजा ट्यूनर म्हणाला, "२४० एनएम देतो." कागदावर अजून १० एनएम शिल्लक दिसतात. पण गाडी दहा वर्षं जुनी असेल, क्लच झिजला असेल आणि रोज ट्रॅफिकमध्ये रांगत असेल, तर? इंजिन हसत हसत ताकद देईल आणि बिल गिअरबॉक्सचं येईल. अशा वेळी २१० वर थांबणारा ट्यूनर हा २४० देणाऱ्यापेक्षा तुमचा जास्त हितचिंतक आहे.

दुसरा मुद्दा पेट्रोलचा. ऑक्टेन कमी पडलं की मिश्रण वेळेआधी पेटतं, त्याला नॉकिंग म्हणतात. ते पिस्टन फोडू शकतं. १०० ऑक्टेनवर बनवलेली फाइल घेऊन गावाकडच्या पंपावर साधं पेट्रोल भरलं तर ईसीयू स्पार्क मागे घेऊन इंजिन वाचवायचा प्रयत्न करते, पण त्यालाही मर्यादा आहे. त्यामुळे रोज जे भरता त्याच पेट्रोलवर ट्यून करा.

आणि ती स्विफ्टवाली कमेंट? टर्बो नसलेल्या १.२ लिटर इंजिनात बूस्ट वाढवायचा प्रश्नच येत नाही. रिमॅपने थ्रॉटल चपळ वाटेल, पण ताकद थोडीच वाढते. तेच पैसे चांगले टायर आणि ब्रेक पॅडवर घातले तर घाटात फरक जाणवेल.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणजे इंजिन बदललं तर सरळ आरटीओचा विषय. रिमॅप रस्त्यावर डोळ्यांना दिसत नाही, पण त्याने प्रदूषण वाढलं तर गाडी नियमात बसत नाही. डिझेल गाडीतला डीपीएफ फिल्टर काढून सॉफ्टवेअरमधून बंद करून देणारे तर टाळाच. आणि इन्शुरन्स कंपनीला बदल सांगितला नसेल, तर अपघातानंतर क्लेमच्या वेळी तोच मुद्दा समोर येऊ शकतो.

पैसे देण्याआधी ट्यूनरला हे विचारा

– माझ्या गाडीची मूळ फाइल मला कॉपी करून देणार का?
– ट्यूनिंगआधीचा आणि नंतरचा डायनो एकाच मशीनवर होणार का?
– नॉकिंग आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारे लॉग मिळतील का?
– क्लच आणि गिअरबॉक्सला किती टॉर्क झेपतो, हे बघून आकडा ठरवलाय का?

उत्तरं मिळाली तर पुढे बोला. गाडी वॉरंटीत असेल तर थांबा. वॉरंटीबाहेरची, धडधाकट टर्बो गाडी असेल तर बेताचा रिमॅप. स्टँडअलोन फक्त ट्रॅकसाठी.

आणि समोरचा नुसतंच "भावा, टेन्शन घेऊ नको" म्हणत असेल, तर चावी खिशात टाका आणि घरी या.