शेळी, नळ आणि अंगण

वऱ्हाडातल्या अंगणात कोणतं झुडूप टिकायचं, हे ऊन ठरवतं असा आपला समज असतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की तो पटतोही. पण १९७०-८० पासूनची अंगणं एकामागून एक आठवून पाहिली, तर निकाल आधी शेळीने दिला आणि मग नळाने. ऊन तर दर वर्षीचंच.

तेव्हा अंगणाला भिंत क्वचितच असे. फार तर पऱ्हाट्यांचं कुंपण, नाहीतर मेंदीची रांग. दुपारी मोकाट शेळ्या फिरत आणि त्यांनी तोंड न लावलेलं तेवढं वाढे: अडुळसा, निरगुडी, कण्हेर, बिट्टी. ही चारही कमी पाण्यावर तगणारी निघाली, यात नवल नाही. कोरड्या जागी नवं पान फुटणं महाग पडतं, म्हणून आहे ते पान झाड कडूपणाने, विषाने राखतं. कण्हेरीच्या पानाची रंध्रं तर खालच्या बाजूला, केसाळ खळग्यांत दडलेली असतात. तिथवर झळ पोचत नाही, म्हणून पाणीही कमी उडतं. मात्र कण्हेर आणि बिट्टी या दोन्हींत हृदयाचे ठोके बिघडवणारं विष असतं. घरात रांगतं मूल असेल तर ही दोन्ही नकोतच, मग फुलं कितीही येवोत.

नव्वदीत भिंती उठल्या, लोखंडी फाटकं लागली आणि शेळी बाहेर राहिली. अंगणात क्रोटन आले, पिवळा दुरांटा आला, ऐपत असलेल्यांकडे हिरवळ आली. बोअरला पाणी होतं तोवर सगळं खपून गेलं. पुढे बोअर आटले, नळ दिवसाआड आणि मग आठवड्याने येऊ लागला. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्यानंतर हिरवळीवर पाईप धरणाऱ्याकडे लोक वेगळ्याच नजरेने पाहू लागले.

या सगळ्यातून बोगनवेल तेवढी निभावली. शेळी काट्यांना न जुमानता तिची कोवळी पानं ओरबाडते, त्यामुळे तिला भिंतीचा फायदाच झाला, आणि पाणी तुटलं तर ती उलट बहरते. संत्र्याचा बहार धरायला बागेला ताण देणाऱ्या इथल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तरी अंगणातल्या बोगनवेलीला रोज पाणी घालून ‘नुसती पानंच येतात’ म्हणणारे असतातच!

मधल्या काळात झटपट हिरव्या भिंतीसाठी कोनोकार्पसची लाट आली. सोमालिया-येमेनकडचं हे झाड उष्णतेला भीत नाही, हे खरं. पण परागकणांच्या आणि पसरणाऱ्या मुळांच्या तक्रारींवरून गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. नुसतं ‘मरत नाही’ एवढ्यावर झाड निवडलं की असं होतं. घाणेरीही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठीच भारतात आणली होती. आज जंगलं तिने वेढली आहेत.

आता अंगणात पेव्हिंग ब्लॉक आहेत. ते दिवसभर तापतात आणि रात्री ती धग झाडाच्या बुंध्याला देतात. पश्चिमेच्या भिंतीलगत त्यामुळे शंकासुर, निरगुडी, अडुळसा यांवरच भरवसा ठेवावा. काळ्या मातीत खड्ड्याला मुरूम मिसळावा. उन्हाळ्यात वाचलेलं झुडूप श्रावणात मुळाशी पाणी तुंबून मरतं, हे इथे नेहमीचंच. लागवड मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर करावी, म्हणजे पुढच्या चैत्रापर्यंत मुळं खोल जातात. पहिला उन्हाळा मात्र आठवड्याला भरपूर पाणी आणि बुंध्याशी पाचोळा हवाच. तेवढं झालं की ती आपली आपण जगतात.

आणि तरवड. माळावर, मुरमाड उतारावर पिवळ्याजर्द फुलांनी लगडणारं हे झुडूप रोपवाटिकेत सहसा मिळत नाही. पूर्वी त्याच्या सालीने कातडी कमावत, आता त्याच्याकडे कुणी पाहत नाही. वाळलेल्या शेंगा रस्त्याकडेच्या झुडपावरून तोडून आणाव्या. बियांचं कवच टणक असतं, म्हणून गरम पाण्यात रात्रभर भिजवून त्या पिशवीत टोचाव्या.